गाडीत दही लागेपर्यंत

डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, "आता गाडी चालवायची नाही," तेव्हा आमच्या ह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "मग दह्याचं कसं?"

डॉक्टरला वाटलं पथ्य विचारतायत. "दही खा की," तो म्हणाला, "दह्याचा आणि डोळ्याचा काही संबंध नाही."

बेळगावातला तो डॉक्टर तरुण होता आणि बोलायला सभ्य होता. त्यानं कागदावर चित्र काढून दाखवलं. काचबिंदू. बाजूचं दिसायचं गेलंय, समोरचं राहिलंय, तेही नळीतून बघितल्यासारखं. आहे ते औषधानं जपायचं, गेलेलं परत येत नाही. हे मान डोलवत ऐकत होते, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतला बिघाड ऐकावा तसं. बाहेर आल्यावर व्हरांड्यात मला म्हणाले, "तू बसायची राहिलीस." मी म्हटलं, "बघू." आणि तेवढ्यावरच थांबले. एरवी बोलायला मी कमी नाही, निपाणीत कुणालाही विचारा.

गोष्ट अशी आहे की लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी नवऱ्याच्या गाडीत बसलेली नव्हते. भांडण नव्हतं. नेम होता.

आमच्या जैनांत नेमाला फार मान. एखादी गोष्ट सोडायची, आणि अमुक एक झाल्याशिवाय पुन्हा धरायची नाही. माझ्या सासूबाईंनी मुलगा मॅट्रिक होईपर्यंत गूळ सोडला होता, आणि मुलाचं गणित असं की त्यांना गूळ चांगलाच सोडावा लागला. शेजारच्या आक्कांनी वांगं सोडलं. त्यांना वांगं मुळात आवडत नव्हतं, पण बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, देवासमोर सोडलं म्हणून त्यांना पुण्य लागलं. नेम तोंडातून एकदा गेला की गेला. घेताना तू शुद्धीवर आहेस का, असं कोणी विचारत नाही.

आता गाडी. ही गाडी माझ्या सासऱ्यांनी घेतलेली. बेळगावला कॅम्पात एक गोरा साहेब राहायचा, तो देश सोडून निघाला तेव्हा त्याच्याकडून. गाडी इंग्लंडात झालेली, पण इंग्लंडासाठी झालेली नव्हे, हे ह्यांचं लाडकं वाक्य. आल्यागेल्याला चहा यायच्या आत ऐकायला मिळायचं. गाडीच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची थप्पी असते, धनुष्यासारखी वाकवलेली. तिला आमच्याकडं कमान म्हणतात, आणि एकेका पट्टीला पाटा. सगळे धक्के तिनं खायचे, माणसानं खायचे नाहीत, अशी मूळ कल्पना. तर त्या काळी तिकडच्या कंपन्या घरच्या गुळगुळीत रस्त्याला एक कमान बसवायच्या, आणि गाडी आफ्रिकेला किंवा आपल्याकडं जाणार असली की दुसरी. पाटे जास्त, बाक जास्त, गाडीचं पोट जमिनीपासून उंच. म्हणजे आमचे रस्ते कसे आहेत हे आम्हाला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं.

साहेबानं ती गाडी बंगल्यातून चर्चला आणि चर्चमधून क्लबला, एवढीच फिरवली. जादा पाट्यांची गरज पडली ती आमच्या सासऱ्यांना. तंबाखूचा व्यापार होता. पीक उभं असताना रानोरान जाऊन बघायचं, तेही काळ्या मातीतल्या बैलगाडीच्या वाटेनं, आणि येताना मागं पोती टाकून आणायची. ओझ्यानं गाडी खाली बसायला लागली तसे ते संकेश्वरच्या कमानवाल्याकडं गेले, आणि त्यानं ट्रकचे दोन-दोन पाटे उचलून आमच्या गाडीच्या मागच्या कमानींत घातले. त्यानंतर पोती भरली की गाडी झकास चालायची. रिकामी असली की आत बसलेल्याचं उखळातलं धान्य व्हायचं. पोत्यांनी कधी तक्रार केली नाही. केली ती मी.

माझं माहेर कागलच्या पलीकडं, महाराष्ट्रात. सासर कर्नाटकात. मधे एक नाका आणि थोडा ऊस. लग्न आमच्या गावी झालं आणि वरात त्या गाडीतून निघाली. आमच्यात जेवण सूर्य बुडायच्या आत, आणि मांडवात नवरीच्या पोटात धड काही जात नाही, म्हणून आईनं कोमट दुधाला विरजण लावून कडीचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. "पोचूपर्यंत लागतंय बघ," ती म्हणाली, "गेल्या गेल्या भातासंगं खा." गाडी नवरदेव स्वतः चालवत होते, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हाताला लागत नव्हती. बाशिंग काढून त्यांनी मागं माझ्याकडं दिलं होतं. तेव्हा मांडीवर डबा, डब्यावर बाशिंग, दोन्ही बाजूला दोन नणदा, आणि खाली ट्रकचे पाटे.

वाटेत देवदर्शन झालं, पंक्चर झालं, एका पाहुण्याच्या दारात चहा झाला. दही लागायला वेळ भरपूर होता. रस्ता मात्र तसा नव्हता. प्रत्येक खड्ड्याला मी सीटवरून उठायची आणि गाडी खाली निघून जायची, मग आम्ही दोघी पुन्हा भेटायचो. एकदा अशा भेटीत माझी जीभ चावली गेली. निपाणीत उतरले तेव्हा शालूवर पांढरे ओघळ होते आणि कंबर कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. सासूबाई आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यावर उभ्या. त्यांनी कौतुकानं विचारलं, "डब्यात काय आणलंस गं माहेरनं?"

मी झाकण काढलं. वर लोण्याचा गोळा फिरत होता. "ताक," मी म्हटलं.

बायका हसल्या. इथवर काही बिघडलं नव्हतं. पण मागून हे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडी मऊ चालतीया, न्हाय?"

तेव्हा मी नवीन होते, दुखत होतं, भूक लागली होती आणि जीभ आधीच चावलेली होती, त्यामुळं ती आवरायचं कारण उरलं नव्हतं. मी म्हटलं, "या चालत्या गाडीत दही लागंल, तवा मी हिच्यात परत बसंन."

बायकांचं हसणं थांबलं. सासूबाईंनी आरतीचं ताट खाली ठेवलं. "नेम घेतलास व्हय?" त्यांनी विचारलं. "उंबऱ्यावर घेतलेला नेम हाय. मोडायचा न्हाय हं." मला वाटलं थट्टा करतायत. पुढं त्यांच्यासोबत संसार केल्यावर कळलं की थट्टा हा प्रकार त्यांनी गुळाच्याही आधी सोडलेला होता.

अशी माझी आणि लाल बसची गाठ पडली. घरातलं लग्न असो, बारसं असो, स्तवनिधीला देवाला जायचं असो, घरचे गाडीतून निघायचे आणि मी स्टँडवर. ह्यांच्या आणि माझ्या संसारात रस्ता सोडला तर दुरावा कधी नव्हता. बऱ्याचदा मी आधी पोचायची आणि पाहुण्यांना सांगायची, येतायत मागनं. लोकांना आधी वाटायचं पटत नाही. मग सवय झाली. आता तर बायकांना तिकिटाचे पैसेही नाहीत, आधार कार्ड दाखवायचं आणि बसायचं, त्यामुळं नेम जरा सोपा झाला होता. पण खरं सांगते, नवी नवरी असताना खिडकीतून पुढं जाणारी आपल्याच नवऱ्याची गाडी बघणं काही सोपं नव्हतं. मला त्या गाडीत बसायचं होतं. ह्यांच्या शेजारी, पदर सावरत, मिरवत बसायचं होतं. स्वतःच्या तोंडानं ते घालवून बसले, म्हणून बोलायचीही सोय नव्हती.

दुसरा कोणी असता तर त्यानं गाडी विकली असती, नाहीतर आईची समजूत घातली असती. आमच्या ह्यांनी माझा राग हे मोजमाप धरलं. लग्नानंतर आठवडा झाला असेल, मला विचारतात, "दूध म्हशीचं होतं का गाईचं? कोमट म्हंजे किती कोमट?" मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि शेडमध्ये गेले.

एका दिराचं म्हणणं पडलं की गाडी शेडमध्ये उभी करा, डबा आत ठेवा, सकाळी दही तयार, वहिनी बसल्या, विषय संपला. हे त्याच्याकडं बघतच राहिले. "उभ्या गाडीत कुनीबी लावंल," ते म्हणाले. "चालत्या गाडीत असं बोललीया ती." त्या दिवशी मला ह्यांचा राग आला होता आणि अभिमानही वाटला होता, आणि कुठला जास्त ते मी अजून ठरवलेलं नाही.

मग दर उन्हाळ्यात प्रयोग. उन्हाळ्यात दही लवकर लागतं म्हणून. मी दूध तापवून विरजण लावायची, हे डबा मागच्या सीटवर चुंबळीत बसवून दोरीनं बांधायचे आणि संकेश्वर, नाहीतर बेळगावपर्यंत जाऊन यायचे. आधी त्यांनी सासऱ्यांनी घातलेले ट्रकचे पाटे काढले. संकेश्वरच्या कमानवाल्याला ते जिवावर आलं. त्याच्या मते जगात असा एकही आजार नव्हता जो एक पाटा वाढवून बरा होत नाही. "काढतोय, पण परत घालाया येशील," असं तो प्रत्येक वेळी म्हणायचा, आणि एकदा खरंच जावं लागलं, कारण पाटे फार काढल्यावर गाडी खाली टेकायला लागली आणि तवंदीच्या घाटात मागचा आस चॅसीवर जाऊन आदळला. मग एक परत घातला. मग पाट्यांच्या मधे ग्रीस भरलं. मग ग्रीस भरल्यावर गाडी एका खड्ड्याला पुढचे तीन खड्डे येईपर्यंत डुलत राहायला लागली, म्हणून ते पुसून काढलं.

संध्याकाळी डबा माझ्यापुढं यायचा. न्याय मी द्यायचा. मी डबा तिरका करून बघायची. दही लागलं असेल तर ते कड सोडत नाही. "ताक," मी म्हणायची. किंवा "पातळ हाय." किंवा "कढी होईल." आमच्या घरी उन्हाळ्यात कढी फार व्हायची. आज लागलं म्हणून टाकावं, असं मनात यायचं, नाही असं नाही. पण सासूबाई तिथंच जपमाळ घेऊन बसलेल्या असायच्या, आणि मी दह्याबाबत खोटं बोलले असते तर ते मलाच पचलं नसतं. हे कधी हिरमुसले नाहीत. "कढी होईल" हे त्यांना "ताक" पेक्षा प्रगती वाटायची.

रस्त्यांचाही त्यात हात होता. एका रस्त्याला कमान जमवावी तोवर रस्ता बदलायचा. दोनपदरीचा चौपदरी झाला तेव्हा हे खूश झाले, तर गावोगावच्या लोकांनी आपापल्या दारात गतिरोधक घातले, पांढरा पट्टा न मारता. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात बसतो. कारखान्याच्या गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर त्याच्यावर दोन-दोन ट्रेलर ओढतात आणि चाकोऱ्या पाडतात. त्यातून नाक्याच्या अलीकडचा रस्ता वाईट की पलीकडचा, यावर आमच्या भागात जेवढं बोललं गेलंय तेवढं दुसऱ्या कशावर बोललं गेलं नसेल, आणि इथं बोलायला विषय कमी नाहीत. हे त्यात कधी पडले नाहीत. त्यांचं मत होतं की दोन्ही राज्यांना कमान वेगळी पाहिजे.

एकदा त्यांनी कुठंतरी वाचलं की फ्रान्समधल्या एका कंपनीनं गाडी बनवायच्या आधीच ठरवलं होतं: नांगरलेल्या रानातून अंड्यांची टोपली नेली तरी एक अंडं फुटता कामा नये. भर जेवणात त्यांनी हे आनंदानं सांगितलं. "बघ, त्यांचं अंडं, आपलं दही." सासूबाईंनी ताट सारलं आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. अंडं हा शब्द आमच्या ताटाजवळ त्याआधी आला नव्हता. पण मला दिसलं की ह्यांना कुठंतरी, समुद्रापलीकडं का होईना, आपल्यासारखं कुणी भेटलं होतं.

सासूबाई गेल्या. जाण्यापूर्वी एकदा म्हणाल्या, "मी त्या दिशी गप बसाया पायजे होतं." पण नेम सोड असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. तोवर तो ह्यांचा झाला होता. माझ्या तोंडातून निघाला होता एवढंच.

आणि मग डोळे. सुरुवातीला हे म्हणायचे गाडीचे दिवे मंद झालेत. मग म्हणायचे हल्ली लोक अचानक आडवे येतात. एकदा शेडच्या खांबाला गाडी घासली आणि त्यांनी खांबाला बोल लावला, तेव्हा मी त्यांना बेळगावला घेऊन गेले. अर्थात वेगवेगळ्या बसनं नव्हे. बसमध्ये आम्ही एका सीटवर बसायचो.

डॉक्टरच्या त्या शब्दानंतर हे शेडमध्ये जायचे आणि गाडी पुसायचे. दिसत नसलेल्या बाजूला हात फिरवून धूळ आहे का बघायचे. परत येऊन काही बोलायचे नाहीत. ह्यांनी गाडीबद्दल न बोलणं हा आमच्या घरात आजारच होता. मी लेकीला फोन केला.

लेक बेळगावात कॉलेजात शिकवते, स्वतःची गाडी चालवते. आमच्याकडं मुलं बापाला अण्णा म्हणतात. ती आली आणि म्हणाली, "अण्णा, मी चालवते. तुम्ही डबा बघा."

"ती गाडी दुसऱ्याच्या हाताला लागत न्हाय," हे म्हणाले.

"अण्णा, गाडी हाय ती. म्हैस न्हाय."

मार्केट यार्डात सुट्टीच्या दिवशी ती शिकली. गिअर टाकताना क्लच दोनदा दाबावा लागतो हे कळल्यावर तिनं जे शब्द वापरले ते ती कॉलेजात शिकवत नसावी. पण जमलं तिला. डोळे तपासायची पुढची तारीख एप्रिलात होती. ठरलं असं की त्याच दिवशी गाडी बेळगावला न्यायची, आणि येताना दही लावायचं. हे आदल्या दिवशी शेडमध्ये गाडीखाली शिरून कमानी तेवढ्या हातानं चाचपून आले.

जाताना हे लेकीच्या शेजारी पुढं बसले. मी नेहमीप्रमाणं बसनं. दवाखान्यात पोचले तर बाप आणि लेक एकमेकांकडं बघत नव्हते. कळलं ते असं की अख्ख्या वाटेत ह्यांनी नसलेला ब्रेक दाबला होता आणि वंटमुरीच्या चढाला चालत्या गाडीचं स्टेअरिंग धरलं होतं. "येताना अण्णा मागं बसणार," लेकीनं सांगितलं. "नाहीतर मीसुद्धा आईसोबत बसनं येते."

डॉक्टरनं तपासलं. नळी आणखी बारीक झाली होती. ह्यांनी विचारलं, "किती दिवस?" तो म्हणाला, सांगता येत नाही, औषध चालू ठेवा. यावेळी त्यांनी दह्याचं विचारलं नाही.

लेकीच्या घरी मी दूध तापवलं, कोमट केलं, बोट बुडवून बघितलं आणि विरजण लावलं. डबा तोच, आईनं दिलेला. ह्यांनी चुंबळ आणि दोरी मागितली, तर ती निपाणीला राहिली होती. "असू दे, मी धरतो," ते म्हणाले. "मला काय काम हाय आता." आणि डबा घेऊन मागच्या सीटवर बसले. ते तिथं बसलेले मी पहिल्यांदा बघत होते. मला वाटतं त्यांनीही ती सीट बसून पहिल्यांदाच बघितली. मी स्टँडवर गेले.

मला पाच-सहा बसगाड्या सोडाव्या लागल्या, एवढी गर्दी. शेवटी डाव्या बाजूची खिडकी मिळाली. हायवेला सहापदरीचं काम चाललंय, तिथं जागोजाग गाड्या खालच्या कच्च्या रस्त्यावर उतरवतात. हत्तरगीच्या अलीकडं तशा एका उताराला आमची बस पुढं काढायला लागली आणि डाव्या हाताला, दह्याला वेळ मिळावा म्हणून सावकाश चाललेली, आमची गाडी आली. खिडकीसमोर बरोबर मागची सीट.

हे डोळे मिटून बसले होते. गाडी खड्ड्यात गेली की ते सीटवरून उठायचे, डोकं टपाला लागायचं, मग खाली आदळायचे, टोपी कधीच पडलेली होती. पण डबा मांडीवर नव्हता. दोन्ही हातांनी तो त्यांनी छातीपुढं अधांतरी धरला होता, कोपरं ढिली सोडून, बारशाला पाळण्याखालून बाळ देतात-घेतात तसा. अंग वरखाली होत होतं आणि डबा जागच्या जागी होता. चेहऱ्यावर दुखत असल्याचं साफ दिसत होतं.  ते मागं बसून आपटतायत आणि मी बसच्या गादीवर बसून बघतेय, हे मला सोसेना. मी खिडकीच्या गजावर हात आपटला. त्यांना ऐकू जायचं कारण नव्हतं.

कंडक्टर मला ओळखतो. सगळेच ओळखतात. "आक्का, तुमचीच गाडी नव्हं ती?" तो म्हणाला. "थांबवू का बस?"

"संकेश्वरला उतरते," मी म्हटलं. निपाणीपर्यंतचं बायकांचं फुकट तिकीट फाडलेलं होतं, त्यावरून त्यानं काही म्हटलं नाही.

संकेश्वरला उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभी राहिले. गाडी आली तसा मी हात केला. लेकीनं खिडकीतून डोकं काढलं. "आई, अण्णा वंटमुरीपासून एक शब्द बोलले नाहीत."

मी मागचं दार उघडलं. हे तसेच बसलेले, हात तसेच. "कोण, तू?" ते म्हणाले. "बस चुकली?"

"द्या डबा."

"नीट धर हां. हलवू नको." त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि मग आखडलेले हात हळूहळू खाली सोडले. मी झाकण काढलं. ह्यांनी मान पुढं केली, डब्याच्या तोंडाकडं, पण थोडी चुकीच्या बाजूला. मग मान मागं घेतली आणि मला विचारलं, "लागलं काय?"

इतकी वर्षं डबा मी तिरका करायची आणि हे शेजारी उभे राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे, मग मी न्याय द्यायची. आज न्याय एकट्या माझ्याकडं होता. मी डबा तिरका केला. कडेनं दही घट्ट धरलं होतं, कड सोडली नाही. मधे रुपयाएवढा भाग अजून हलत होता.

"लागलं," मी म्हटलं.

ते थोडे बाजूला सरकले. मी आत बसले आणि दार लावून घेतलं. लेकीनं आरशातून एकदा बघितलं आणि गाडी गिअरमध्ये टाकली, क्लच दोनदा दाबून.

पहिल्या गतिरोधकाला आम्ही दोघं एकदम वर गेलो. डबा आता आम्ही दोघांनी धरला होता, चार हातांत. खाली आल्यावर हे म्हणाले, "मागं लई आदळतंय गं."

"व्हय."

"ही सीट बरोबर चाकाच्या डोक्यावर हाय. पुढं यातलं काय लागतच न्हाय. मी आपला पुढं बसून पाटे काढतोय." आणखी एक खड्डा गेला. "जन्मभर वाटायचं गाडी मऊ हाय."

"हाय की मऊ. पुढं."

तवंदीचा घाट लागला तेव्हा त्यांनी विचारलं, बाहेर काय दिसतंय. मी सांगितलं. ऊस तोडून झालाय. पाचट पेटवलीय, धूर वर चाललाय. ट्रॅक्टर पंक्चर होऊन पडलाय आणि माणसं त्याच्या सावलीला झोपलीत. खाली निपाणी दिसतीय. ते ऐकत होते. मग म्हणाले, "लग्नाच्या दिवशी तू हे सगळं सोसत आलीस. मला सांगायचं न्हाईस व्हय?"

"दही म्हटलं होतं की," मी म्हटलं.

डबा धरलेल्या माझ्या बोटांवर त्यांची बोटं होती, ती त्यांनी थोडी दाबली. घरी पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. भात लेकीनं लावला. सूर्य बुडायच्या आत आम्ही तिघं जेवायला बसलो आणि मी डबा उघडून पळी घातली. मधलंही लागलं होतं.